गोत्र काश्यप

"अमरदीपचं गोत्र कुणाला माहीत आहे का?" असा मेसेज विनोद सरांनी मंगळवारी दुपारी ग्रुपवर टाकला, तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाइडच्या दाखल्यांवर शिक्के मारत होते. पुढचा शिक्का उलटा बसला. तो दाखला फाडला, दुसरा लिहायला घेतला, त्यावर नाव चुकलं, तोही फाडला. खिडकीबाहेर उभी असलेली मुलगी म्हणाली, मॅडम, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, बरं आहे. बरं नसायला मला काय झालं होतं? गेला होता तो अमरदीप. रविवारी पहाटे, मुंबईत, आतड्याच्या कॅन्सरने, एक्केचाळिसाव्या वर्षी. त्याचं रडून झालं होतं. 'अमरदीप कट्टा, रत्नागिरी' या त्याची गाणी ऐकणाऱ्या आमच्या सेहेचाळीस माणसांच्या ग्रुपवर दोन दिवस मेणबत्त्या आणि गिटारींचे फोटो पडत होते, आणि वेदिका, आमच्या लायब्ररीतली, दर तासाला त्याच्या एखाद्या गाण्याची ओळ टाकून खाली रडका चेहरा चिकटवत होती. ते सगळं मला झेपत होतं. मग विनोद सरांनी लिहिलं की त्याचा दहावा आपणच करू, भाट्याच्या किनाऱ्यावर, भटजी ठरलेत, पिंडाला मी बसतो, फक्त गोत्र पाहिजे. आणि लगेच खाली: "दर्शना मॅडम, तुम्ही अलोऱ्याच्या ना? जरा विचारून सांगा."

अलोऱ्याची मी आहेच. कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत माझा जन्म. माझे वडील वर्कशॉपला हेल्पर, अमरदीपचे वडील धोंडूकाका वायरमन. टाइप वनच्या, म्हणजे सगळ्यात लहान क्वार्टरांच्या, शेवटच्या ओळीत त्यांची खोली सातवी, आमची नववी. ती अख्खी ओळ आमची, म्हणजे बौद्धांची. कुणी तसं ठरवलेलं नव्हतं म्हणे, आपोआप झालं. अशा गोष्टी आपोआपच होतात. त्या ओळीत गोत्र नावाची वस्तू कुणाच्याच घरात नव्हती. आमच्या आजोबांनी छप्पन सालानंतर दीक्षा घेतली, तेव्हा श्राद्ध करणार नाही, पिंड देणार नाही, असं हात पुढे करून सांगितलं होतं, आणि दिलेला शब्द मोडायची त्यांच्या पिढीला सवय नव्हती. गोत्र मला पहिल्यांदा कळलं ते टाइप थ्रीत. तिकडे क्लार्क आणि ज्युनिअर इंजिनिअर राहायचे. कॉलनीत दोन नाती होती. टाइप थ्रीमधल्या बायका काकू आणि आमच्या ओळीतल्या मावशी. हे कुणी शिकवलेलं मला आठवत नाही. चार वर्षांचं पोरही चुकत नसे. एका काकूंकडे मी अभ्यासाला जायची, त्या चांगल्या होत्या, हातावर खोबऱ्याची वडी ठेवायच्या, ती जरा वरून पडायची एवढंच. अमरदीपची आई सगुणामावशी. तिच्या हातचा भात मी माझ्या आईच्या भातापेक्षा जास्त खाल्ला असेन.

तर मी विनोद सरांना काय सांगायचं होतं ते अगदी सोपं होतं. एवढंच: सर, त्यांच्यात गोत्र नसतं, ते बौद्ध आहेत. आठ शब्दसुद्धा नव्हते. मी टाइप केले, पुसले. पुन्हा टाइप केले. 'त्यांच्यात' या शब्दावर अंगठा थांबला. तिथे 'आमच्यात' लिहायला हवं होतं, आणि ते लिहिलं की अकरा वर्षं मी मोठ्या हुशारीने जी एक गोष्ट न बोलता सांभाळली होती ती सेहेचाळीस माणसांपुढे उघडी पडणार होती. 'त्यांच्यात' लिहिलं तरी कुणीतरी विचारणारच, तुम्हाला कसं माहीत? मी पाणी प्यायले. मग लिहिलं, "माहीत नसेल तर काश्यप म्हणतात." हे खरंच आहे. ज्याचं गोत्र कळत नाही त्याचं काश्यप. मी खोटं असं काहीच बोलले नव्हते. विनोद सरांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. "झालं मग. गोत्र काश्यप."

ही अकरा वर्षांची गोष्टसुद्धा मी ठरवून केलेली नाही. बदली होऊन रत्नागिरीत आले तेव्हा दोन घरमालकांनी नाव विचारलं, गाव विचारलं, मग "कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही. तिसऱ्या घराच्या बाई म्हणाल्या, "मोहिते म्हणजे तुम्ही मराठे ना?" मोहिते आडनाव दोघांतही असतं. मला चावी पाहिजे होती. मी हसले. हसणं म्हणजे हो असं त्यांनी धरलं, आणि मी ते धरू दिलं. पुढे हळदीकुंकू आलं, गौरीचा ओवसा आला, ऑफिसातल्या कुणाच्या तरी घरची सत्यनारायणाची पूजा आली. एकदा हसल्यावर दर वेळी हसावं लागतं. लग्न झालं नाही, मग मी केलंही नाही, त्याचं एक कारण हेही की पत्रिकेत आईवडिलांची नावं, विहार, सगळं छापलं गेलं असतं. माझ्या शोकेसमध्ये बुद्धाची मूर्ती आहे. ती कुणाला खटकत नाही. "किती शांत वाटतं हो बघून," असं घरमालकीणबाई म्हणाल्या आणि तसलीच एक त्यांनी स्वतःच्या हॉलमध्ये आणून ठेवली. बुद्ध सगळ्यांना चालतो, बौद्ध शेजारी मात्र नको असतो. हे वाक्य मला सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश झाले होते, आणि मग लक्षात आलं की ते म्हणून दाखवायला माझ्याकडे एकही माणूस नाही.

अमरदीप आडनाव लावत नसे. गाण्यांवर नुसतं 'अमरदीप'. लोकांना वाटायचं स्टाइल आहे. असेलही. त्याने काही लपवलं नव्हतं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. सगळेजण त्याचं संगीत विलायती म्हणायचे. हलकी गिटार, मागे कुठेतरी कापसावर वाजवावेत तसे ड्रम्स, आणि कानाशी बोलल्यासारखा आवाज. 'उतार' हे त्याचं सगळ्यात लाडकं गाणं. 'पाय वर घे, उतार आहे, घर खाली आहे.' ही ओळ तो तीनदा म्हणतो, एकाच चालीत, काही न बदलता. विनोद सरांनी एकदा कट्ट्यावर त्या तीन वेळांचं मोठं विश्लेषण केलं होतं, परदेशातल्या कुठल्या कुठल्या गायकांची नावं घेऊन. मी ऐकून घेतलं. मला ठाऊक होतं ते तीनदा कुठून आलं ते. रविवारी संध्याकाळी विहारात वंदना व्हायची, आणि बारा वर्षांचा अमरदीप पुढे बसून त्रिशरण सांगायचा. बुद्धाला शरण, धम्माला शरण, संघाला शरण. मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा, त्याच चालीत, न थकता. मी मागच्या रांगेत डास मारत बसलेली असायची. पुढे बदली होऊन गेलेल्या एका इंजिनिअर साहेबाने चार तारांची गिटार मागे टाकली, ती धोंडूकाकांनी घरी आणली, आणि त्या चार तारांवर त्याने पहिल्यांदा जे वाजवलं ते तेच होतं. सातव्या खोलीतून ते ऐकू यायचं आणि माझी आई म्हणायची, पोरगा वंदना घेतो बघ. आणि उतार म्हणजे कॉलनीचा उतार. तिथे त्याने मला सायकल शिकवली. मागून धरलं नव्हतं त्याने. वर उभा राहून ओरडला होता, "पाय वर घे गो, पाय वर घे, उतार हाय." मी थेट सगुणामावशीच्या दारात जाऊन आपटले होते. माझ्या गुडघ्यावर तिने हळद दाबली होती आणि त्याच्या पाठीत रट्टा घातला होता.

सहा वर्षांपूर्वी त्याचा रत्नागिरीत कार्यक्रम झाला तेव्हा आम्ही सगळे ऑफिसवाले दुसऱ्या रांगेत होतो. त्याने मला पहिल्याच गाण्यात पाहिलं. मला वाटलं, आता हा स्टेजवरून म्हणणार, ही आमच्या ओळीतली दर्शना. कार्यक्रम झाल्यावर सह्या घ्यायला रांग लागली, वेदिका मला ओढतच घेऊन गेली. त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, मग वेदिकाकडे, मग पलीकडे उभ्या असलेल्या आमच्या सुपरिंटेंडेंटच्या बायकोकडे, तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे, पुन्हा माझ्याकडे. त्याला किती वेळ लागला असेल? एखादा श्वास. "नाव काय म्हणालात?" त्याने विचारलं. "दर्शना." "कुठल्या आपण?" "इथलीच." "छान," तो म्हणाला, आणि 'दर्शना यांस' असं लिहून सही केली. मी सुटले. सुटले या आनंदात मी त्या दिवशी आइस्क्रीम खाल्लं. घरी आल्यावर तो कागद ठेवायला जागा सापडेना. मला त्याला फोन करायचा होता, म्हणायचं होतं, अमऱ्या, तू कशाला माझी लाज राखलीस? सहा वर्षं मी तो फोन उद्यावर टाकला. मग तो आजारी पडल्याचं कळलं, आणि आजारी माणसाला आपलं दुखणं कशाला सांगायचं, असं एक नवं कारण मिळालं.

गोत्राच्या त्या मंगळवारीच आईचा फोन आला. "सगुणाकडं जाऊन आले. रडत नाय ती. नुसती बसून हाय. गुडघे दुखत असताना कशाला आलीस म्हणून मलाच बोलली. रविवारी अमऱ्याच्या नावानं जलदान हाय विहारात, येतंस ना?" मी म्हटलं, "आई, रजा नाही." ती म्हणाली, "रविवारी कसली गो रजा?" माझी आई कधी ओरडत नाही. एवढंच म्हणाली, "बरं. तुझ्या वाटचं फूल मी वाहीन." फोन ठेवल्यावर मी फडकं घेऊन शोकेस पुसत बसले, आधीच पुसलेली.

पुढच्या मंगळवारी सकाळी भाट्याला सुरूच्या बनात आम्ही तीसेक जण जमलो. समुद्र ओहोटीला गेला होता, वाळू ओली, वारा जवळजवळ नव्हता. अमरदीपचा मोठा फोटो सुरूच्या खोडाला टेकवून ठेवला होता, हार घालून, कपाळाच्या जागी काचेवर कुंकू लावून. विनोद सरांनी डोकं भादरलं होतं. मिशीसुद्धा काढली होती. वीस वर्षं विज्ञान शिकवलेला हा माणूस, लांज्याचा, शब्दाशब्दाला पुरावा मागणारा. त्याची बायको करोनात गेली त्या वर्षी तो रोज 'उतार' ऐकायचा, त्याशिवाय त्याला झोप लागत नसे, हे त्याने आम्हाला सांगितलं होतं. त्याचं ते गोरं, ओबडधोबड डोकं उन्हात बघितलं आणि मला भडभडून आलं. स्वतःच्या बापासाठी नाही, भावासाठी नाही, दोनदाच भेटलेल्या एका गायकासाठी तो उघडा होऊन ओल्या वाळूवर बसला होता. त्याचं प्रेम खोटं नव्हतं. तिथल्या कुणाचंच नव्हतं. खोटी असलीच तर मी होते, आणि त्याच्यावर माझ्याइतका जुना हक्क असलेलंही तिथे कुणी नव्हतं.

भटजी दर्भ मांडत होते तेव्हा सर म्हणाले, "एक आनंदाची गोष्ट. म्हणजे, तसली नाही. अमरदीपच्या आई येतायत. नंबर मिळवला मी. श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे, या, असं म्हटलं, आणि त्या लगेच हो म्हणाल्या. चिपळूणहून बसल्यात, तासाभरात पोचतील." सगळे गहिवरले. वेदिकाने माझा हात धरला. माझ्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "ताई, तुम्ही बसा जरा." मी बसले. पिंड अजून वळायचे होते. आत्ता उठून सांगितलं तर थांबवता येईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. सर, हे नका करू. त्या येऊन हे बघतील. त्यांच्या सासऱ्याने हे सोडलंय. बस हातखंब्याला आली असेल, आता सांगते. भटजींनी पाण्याचा हात फिरवला, आता सांगते. "गोत्र?" भटजींनी विचारलं. "काश्यप," विनोद सर म्हणाले, मोठ्याने, माझ्याकडे बघून, कृतज्ञतेने. "मृताचं नाव?" "अमरदीप." "वडिलांचं?" "धोंडू." धोंडूकाका, ज्यांनी मरताना पाण्यात तुळशीचं पान घालू दिलं नव्हतं. ओठ घट्ट मिटून घेतले होते त्यांनी, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. मी उठले नाही. पायच वर येईनात.

पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. कावळा शिवेल की नाही याची धाकधूक माणसं चेहऱ्यावर घेऊन उभी राहिली. मला वाटलं, शिवणार नाही. दुपार होईल, कुणीतरी विचारेल त्याची काय इच्छा राहिलीय, आणि मग मला बोलावंच लागेल. मी त्या कावळ्यांवर भरवसा टाकला होता. पण भाट्याचे कावळे मासळीच्या घाणीवर पोसलेले, त्यांना माणसांची भीती नाही. दोन मिनिटांत चार कावळे उतरले आणि भाताचा फडशा पाडला. "काही मागे राहिलं नाही हो त्याचं," असं म्हणून वेदिका रडायला लागली.

रिक्षा आली ती त्यानंतर. सगुणामावशी पांढऱ्या पातळात, आधीच बारीक, आता हातात धरवेल एवढी उरलेली. बरोबर तिचा पुतण्या शिवा. तो मुंबईत वाढलेला, मी त्याला फोटोतच पाहिलेलं, त्याने मला तेवढंही नाही. मावशीने चपला काढल्या, फोटोसमोर गेली, पदराच्या टोकाने काचेवरचं कुंकू पुसलं. अगदी सावकाश, पोराचं तोंड पुसावं तसं. मग तिने वाळूतले दर्भ पाहिले, पत्रावळ पाहिली, विनोद सरांचं डोकं पाहिलं. शिवा आधी बोलला. "हे काय चालवलंय? आमच्यात हे करत नाहीत. बौद्ध आहोत आम्ही. एका शब्दाने विचारलंत?"

मागच्या दोघीतिघी जरा आणखी मागे सरकल्या. किती सरकल्या ते मी मोजलं नाही, पण ते सरकणं मला ओळखीचं होतं. विनोद सर हात जोडून उभे राहिले, ओलं धोतर पायाला चिकटलेलं. "आम्हाला माहीत नव्हतं हो. खरंच नव्हतं. मी विचारलं होतं गोत्र. या मॅडम अलोऱ्याच्याच आहेत, यांनी सांगितलं काश्यप म्हणून..."

शिवा माझ्याकडे वळला. "अलोऱ्याच्या? कुठल्या तुम्ही? नाव काय?"

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ म्हणायचीही सोय नाही मला, पण मी बोलणार होते. नववी खोली, मोहित्यांची दर्शना. शब्द दातांपर्यंत आले होते. मावशी माझ्याकडे बघत होती. ज्या डोळ्यांनी तिने माझ्या गुडघ्यातले खडे वेचले होते ते डोळे. तिने मला पाहिलं, माझ्या हाताला धरून उभ्या वेदिकाला पाहिलं, विनोद सरांना पाहिलं. एखादा श्वास.

"गप रे शिवा," ती म्हणाली. "ती टाइप थ्रीतली. त्यांना काय माहीत असणार आपलं?"

शिवाने मान फिरवली. मावशी विनोद सरांजवळ गेली, टाचा उचलून त्यांच्या भादरलेल्या डोक्यावर हात ठेवला. "कशाला केलंस रे बाळा," म्हणाली, "केस चांगले असतील तुझे." आणि तो पन्नाशीचा माणूस तिच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडला. ती नाही रडली. ती त्याची पाठ थोपटत राहिली आणि समुद्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मायेनं केलंत ना, मग जाऊ दे. तेचं गाणं म्हणा एखादं. त्यासाठी आले मी." कुणीतरी गिटार काढली. तीस माणसांनी फाटक्या आवाजात 'उतार' धरलं. पाय वर घे, उतार आहे, घर खाली आहे. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मावशीने हात जोडले होते आणि तिचे ओठ हलत होते, पण हे शब्द नव्हते ते, हे तिथे फक्त मला आणि शिवाला कळत होतं. शिवाने हात जोडले. माझे हात पर्सच्या पट्ट्यावर होते. ते तिथेच राहिले.

परतीची बस दीडची होती. सगळे रिक्षापर्यंत पोचवायला गेले, कुणी पाया पडलं, वेदिकाने फुलांचा गुच्छ दिला. मावशी एकेकाला हात जोडत पुढे आली आणि माझ्यासमोर थांबली. शिवा रिक्षात बसला होता. विनोद सर माझ्या शेजारीच उभे होते, डोळे पुसत. ती मला आयुष्यभर 'बाय माझे' म्हणत आली होती. आता तिने पदर सारखा केला, आणि परक्या माणसांशी बोलताना ती जपून जशी बोलायची तशा भाषेत म्हणाली, "तुमच्या आईंना सांगा, गुडघ्यांना तेल लावत जा. थंडी येतेय."

इतकं जवळून मला तिच्या पातळाचा वास येत होता. साबणाचा, आणि खालून त्याच सातव्या खोलीचा. एकच हाक मारायची होती. तीन अक्षरी हाक, जी मला बोलता येण्याच्या आधीपासून येत होती.

"सांगते हां," मी म्हणाले, "काकू."